छतावरचे पॅनेल, शेतातला पंप आणि गायरानावरचा प्रकल्प: महाराष्ट्रातील सौरऊर्जेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती वीजग्राहक, शेतकरी, गृहनिर्माण सोसायट्यांचे पदाधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच येथे घेतले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत आणि पुढे वादाचे व अपवादाचे. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. अनुदानाचे आणि दरांचे आकडे शासन निर्णयांनी व वीज नियामक आयोगाच्या आदेशांनी बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी ताजा आदेश पाहून घ्यावा.

१. एक किलोवॉटच्या पॅनेलमधून किती वीज मिळते आणि त्यासाठी किती जागा लागते?

महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर एका किलोवॉटमागे दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिटांच्या आसपास वीज मिळते. सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा त्यासाठी पुरते. ही सरासरी वर्षभर सारखी मिळत नाही. पावसाळ्यात उत्पादन चांगलेच घटते आणि कोकणात ते अधिक जाणवते. मे महिन्यात सर्वाधिक वीज मिळेल अशी अनेकांची अपेक्षा असते, परंतु पॅनेल तापले की त्याची कार्यक्षमता कमी होते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ आणि तुलनेने थंड दिवस बरेचदा अधिक लाभाचे ठरतात.

सावलीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. पॅनेल एकमेकांना साखळीने जोडलेले असल्यास पाण्याच्या टाकीची किंवा जिन्यावरच्या खोलीची सावली एका पॅनेलवर पडली तरी साखळीतील इतरांचे उत्पादनही खाली येऊ शकते. सर्वेक्षणासाठी आलेला माणूस दुपारी बारा वाजता छत पाहून गेला असेल, तर सकाळी नऊ आणि दुपारी चारची सावली आपणच पाहावी.

२. घराच्या छतासाठी सरकारकडून किती अनुदान मिळते?

‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट असलेल्या या योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते. त्यापुढे कितीही क्षमता बसवली तरी अनुदान ७८,००० वरच थांबते. अनुदानासाठी देशात तयार झालेले पॅनेल वापरणे बंधनकारक आहे, म्हणून शेजाऱ्याने विनाअनुदान बसवलेल्या आयात पॅनेलची किंमत आणि आपल्याला मिळालेला दर यांची थेट तुलना करू नये.

कमी वीज वापरणाऱ्यांसाठी राज्याने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची पूरक योजना आणली. एक किलोवॉटचा खर्च सुमारे ५०,००० रुपये धरून, केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्य दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना १७,५०० रुपये देते. महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,००० आणि सर्वसाधारण ग्राहकांना १०,००० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला त्यामुळे केवळ २,५०० रुपये भरावे लागतात. सूर्यघर योजनेचा लाभ प्रामुख्याने स्वतःचे पक्के छत आणि हाताशी थोडे भांडवल असलेल्या घरांना होत होता, ही त्यातील उघड उणीव या पूरक योजनेने काही अंशी भरून निघते. पत्र्याच्या किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा प्रश्न मात्र तिनेही सुटत नाही.

३. माझा मंजूर भार ३ किलोवॉट आहे. मला ५ किलोवॉट बसवता येईल का?

येईल. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट नाही आणि त्या प्रमाणात मंजूर भार वाढवून देण्याचे काम वितरण कंपनीने करायचे आहे. अनुदान मात्र प्रश्न २ मधील मर्यादेतच मिळेल.

४. ‘बिल शून्य येईल’ असे विक्रेता सांगतो. ते खरे आहे का?

युनिटांचे बिल शून्यावर येऊ शकते, पण संपूर्ण बिल शून्यावर येत नाही. स्थिर आकार हा जोडणी असल्याबद्दल द्यावाच लागतो.

नेट मीटरिंगमध्ये दिवसा पॅनेलने तयार केलेली आणि घरात न वापरली गेलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि रात्री आपण जाळ्यातून वीज घेतो. महिन्याअखेर दोन्हींची वजावट होते. शिल्लक राहिलेली युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात, परंतु आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले की उरलेल्या युनिटांचा हिशेब आयोगाने ठरवलेल्या दराने केला जातो आणि हा दर आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा खूपच कमी असतो. म्हणूनच गरजेच्या दुप्पट क्षमता बसवून ‘वीज विकून कमाई’ करण्याचा सल्ला घरगुती ग्राहकाने मानू नये. मागील बारा महिन्यांच्या बिलांतील युनिटांची बेरीज करावी, तिला १,४०० ने भागावे, आणि येईल तेवढे किलोवॉट बसवावेत. एवढा हिशेब पुरेसा असतो.

५. वीज गेली तर छतावरच्या पॅनेलवर घर चालते का?

साध्या नेट मीटरिंगच्या जोडणीत चालत नाही आणि यावरून होणारा भ्रमनिरास मोठा असतो. जाळ्यातील वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तो बंद पडला नाही, तर आपल्या छतावरची वीज बाहेरच्या तारांत जाईल आणि वीज नाही असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. भारनियमनातही घर चालवायचे असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. शहरात वीज क्वचित जात असेल तर हा खर्च वसूल होणे अवघड आहे.

६. मी फ्लॅटमध्ये राहतो. माझ्यासाठी काय?

गच्ची सोसायटीची असल्याने सर्वांत सरळ मार्ग सामायिक वीजजोडणीचा आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यांतील दिवे आणि वाहन चार्जिंग यांसाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते. एकूण मर्यादा ५०० किलोवॉटची असून ती घरामागे ३ किलोवॉट धरून मोजली जाते. यातून प्रत्येकाचे स्वतःचे बिल कमी होत नाही, परंतु मासिक देखभाल शुल्कावरचा भार उतरतो. सर्वसाधारण सभेत ठराव करताना देखभाल कोण करणार, पॅनेल धुण्याचे पाणी कोठून येणार आणि गच्चीच्या गळतीची जबाबदारी कोणाची, हे इतिवृत्तात लिहून घ्यावे, कारण नंतरची भांडणे नेमकी याच तीन गोष्टींवरून होतात. पुनर्विकासाच्या शक्यतेविषयी प्रश्न १८ पाहावा.

७. शेतीला वीज रात्रीच का देतात?

राज्यात कृषिपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस ती दिवसा आठ तास असते आणि काही दिवस रात्री आठ ते दहा तास. दिवसा उद्योग, कार्यालये आणि शहरे यांची मागणी असते, रात्री ती उतरते आणि कोळशावरचे संच मात्र सहज बंद करता येत नाहीत. त्यामुळे उरलेली वीज शेतीकडे वळवण्याची रीत पडली. आठवड्याचे वेळापत्रक लागले की त्यानुसार शेतकरी दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातो. जुन्नर, शिरूर, अहिल्यानगरच्या उसाच्या पट्ट्यात रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभे राहणे म्हणजे साप, विंचू आणि बिबट्या यांच्याशी गाठ असते. हे टाळण्यासाठी अनेक जण स्टार्टरला ऑटो स्विच लावून घरी झोपतात. मग वीज येताच एका डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि त्या धक्क्याने ट्रान्सफॉर्मर जळतो. तो बदलून मिळेपर्यंत पीक वाळते.

दिवसा वीज मिळावी, ही म्हणूनच कित्येक वर्षांची मागणी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर याच मागणीसाठी धरणे धरले होते. सूर्यप्रकाश नेमका दिवसाच मिळत असल्याने हवामानासाठीचे धोरण आणि शेतकऱ्याची मागणी येथे एका रेषेत आली. महाराष्ट्रात शेतीच्या सौरीकरणाला राजकीय बळ मिळाले ते तापमानवाढीच्या चिंतेपेक्षा या कारणाने अधिक, असे आमचे मत आहे आणि त्यात काही वावगे नाही.

८. सरकार शेतीपंपांना मोफत वीज देतेच आहे. मग सौरऊर्जेची गरज काय?

‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने लागू झाली. एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना, म्हणजे सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना, बिल भरावे लागत नाही. वीज ग्राहकाला मोफत मिळते, तयार मात्र मोफत होत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार सरकारला सवलतीची रक्कम वितरण कंपनीला द्यावी लागते आणि या योजनेचा वार्षिक बोजा योजना जाहीर झाली तेव्हाच १४,७६० कोटी रुपये धरला होता.

घोषणेची वेळ विसरता येणार नाही. ती विधानसभा निवडणुकीपूर्वी काही महिने झाली. २००४ मध्येही सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने निवडणुकीआधी मोफत वीज दिली आणि निवडणुकीनंतर विलासराव देशमुख यांच्या सरकारने २००५ मध्ये ती मागे घेतली. सवलत टिकवायची असेल तर तिचा खर्च उतरायला हवा. सौर प्रकल्पांतून उपकेंद्रालगतच मिळणारी वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते आणि महावितरणचा सरासरी पुरवठा खर्च याहून बराच जास्त आहे. शेतकऱ्याला बिल येणार नाही हे गृहीत धरले तरी तिजोरीतून जाणारा पैसा कमी होतो, तो येथे.

यातही एक खोच आहे. कित्येक कृषिपंपांना मीटरच नाहीत आणि वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने मांडला जातो. शेतीचा वापर फुगवून दाखवला की चोरी आणि गळती त्याच्या आड लपते, हा आक्षेप जुना आहे आणि आयोगासमोर तो वारंवार मांडला गेला आहे. सौर फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या आणि सौर प्रकल्पाची वीज मिळणाऱ्या शेतीच्या वाहिनीवर (प्रश्न ९), वीज वेगळी मोजली जात असल्याने हा अंदाजपंचे कारभार काही प्रमाणात उघड होतो. त्यामुळे फीडरवरच्या मीटरचे आकडे सार्वजनिक व्हावेत, असा आग्रह धरायला हवा.

९. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ आणि ‘सौर कृषी वाहिनी’ यांत फरक काय? मी कोणती निवडू?

पहिल्या योजनेत तुमच्या शेतात स्वतंत्र पॅनेल आणि पंप येतो आणि जाळ्याशी त्याचा संबंध नसतो. किमतीच्या १० टक्के हिस्सा सर्वसाधारण शेतकऱ्याला आणि ५ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ आणि पाच एकरांवर साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. ही योजना वीजपंपाची जोडणी नसलेल्यांसाठी आहे.

दुसऱ्या योजनेत तुमच्या शेतात काहीच बसत नाही. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प उभा राहतो आणि शेतीच्या फीडरला त्याची वीज दिवसा मिळते. ही योजना २०१७ मध्ये आली. नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधील कोळंबी येथे तिचे पहिले प्रयोग झाले. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे आणि त्यातील पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे कार्यान्वित झाला.

ज्याच्याकडे आधीच जोडणी आहे, त्याला निवड करावी लागत नाही. फीडर सौर झाला की दिवसाची वीज आपोआप मिळते. ज्याची विहीर खांबांपासून दूर आहे आणि जोडणीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणे चालले आहे, त्याने स्वतंत्र पंप घ्यावा. राज्याच्या दृष्टीने आम्हाला वाहिनी योजना अधिक शहाणपणाची वाटते, कारण पंप बंद असतात तेव्हा ती वीज इतरांना वापरता येते. स्वतंत्र पंपाचे पॅनेल मात्र पावसाळ्यात आणि पिकांच्या मधल्या काळात नुसते उन्हात पडून राहते.

वाहिनी योजनेकडून चुकीची अपेक्षाही ठेवू नये. प्रकल्प उपकेंद्रावर असतो, तुमच्या डीपीवर नसतो. डीपी जळाली, तार तुटली किंवा शेवटच्या टोकाला दाब कमी आला, तर वीज सौर आहे की कोळशाची, याने काहीही फरक पडत नाही.

१०. सातबारा भावांमध्ये सामायिक आहे. सौरपंपासाठी अर्ज करता येतो का?

येतो, पण इतर हिस्सेदारांचे ना हरकत पत्र लागते. वडील वारले असून वारसनोंद झालेली नसेल तर आधी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, फेरफार करून घ्यावा. विहीर किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहावे. अर्ज परत येण्याची मुख्य कारणे तांत्रिक नसून अशी कागदाची असतात.

११. सौरपंपामुळे भूजल आणखी खोल जाणार नाही का?

ही भीती रास्त आहे. बिल नाही आणि भारनियमन नाही म्हटल्यावर सूर्य आहे तोवर पंप सुरू ठेवण्यात शेतकऱ्याचे काही जात नाही. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात काळा पाषाण असल्याने भूजलाचा साठा मुळातच तुटपुंजा आहे आणि ऊस किंवा संत्र्याच्या पट्ट्यांत तो आधीच ओढला गेला आहे. राज्याचा भूजल अधिनियम २००९ चा आहे आणि त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, पण गावात बोअरची गाडी आली की तिला कोणी अडवत नाही.

गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये वेगळा मार्ग आजमावला गेला. तेथील शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून सौरपंप जाळ्याला जोडले आणि न वापरलेली वीज विकली. पाणी न उपसण्याचे पैसे मिळतात, हे त्यातले सूत्र. ज्या राज्यात साखर आणि दूध सहकारातून उभे राहिले, तेथे सौर विजेची सहकारी संस्था अजून अपवादानेच दिसते, ही गोष्ट नवलाची आहे.

१२. प्रकल्पासाठी जमीन भाड्याने दिली तर किती पैसे मिळतात आणि करारात काय पाहावे?

वाहिनी योजनेत शासनाने किमान भाडे हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५०,००० रुपये ठरवले आहे. जमिनीच्या नोंदणी मूल्यांकनाच्या ६ टक्के रक्कम यापेक्षा जास्त होत असेल तर ती द्यायची आहे. भाड्यात दरवर्षी ३ टक्के वाढ असते. जमीन उपकेंद्रापासून साधारण पाच किलोमीटरच्या आत असावी लागते. कोरडवाहू, मुरमाड जमिनीसाठी हा दर चांगला आहे. बागायती जमीन मात्र देऊ नये.

करार पाव शतकाचा असतो, म्हणजे सही करणाऱ्याच्या मुलाला तो निभवावा लागतो. कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाडे कोण देणार, मुदत संपल्यावर पाया आणि लोखंड कोण काढून नेणार, भाडे थकल्यास करार रद्द करण्याचा हक्क आहे का, जमिनीवर कर्ज काढण्याचा अधिकार कंपनीला दिला आहे का आणि पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या बांधात जाणार नाही याची तजवीज कोणी करायची, एवढ्या बाबी वकिलाकडून वाचून घ्याव्यात. ती जमीन वाट्याने कसणारा किंवा तेथे मजुरीला जाणारा माणूस या करारात कोठेच नसतो. त्याला नुकसानभरपाई देण्याची तरतूद योजनेत नाही आणि ही उणीव गंभीर आहे.

१३. आमच्या गावच्या गायरानावर सौर प्रकल्प येतो आहे. ग्रामपंचायत हरकत घेऊ शकते का?

हरकत नोंदवता येते आणि ती वेळेत, लेखी आणि ग्रामसभेच्या ठरावासह नोंदवावी. गायरान सरकारी मालकीचे असले तरी गावाच्या उपयोगासाठी राखलेले असते. वाहिनी योजनेला जलद जमीन मिळावी म्हणून शासनाने सरकारी जमिनी, त्यांत गायरानेही, प्रकल्पांना उपलब्ध करून दिल्या. सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे, कारण खासगी मालकांशी एकेक करार करण्यात वर्षे जातात. पण कागदावर ‘पड’ दिसणाऱ्या या जमिनीवर प्रत्यक्षात मेंढ्या चरतात, शेळ्यांवर गुजराण करणाऱ्या बायका तेथून चारा आणतात आणि मराठवाड्यात तर दलित व भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ती कसत आली आहेत. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तरीही कित्येकांच्या नावावर अजून सातबारा झालेला नाही. ज्यांचा दावा प्रलंबित आहे त्यांच्या डोक्यावरून ती जमीन प्रकल्पाला गेली, तर स्वच्छ ऊर्जेची किंमत गावातल्या सर्वांत गरीब माणसाने चुकवली असे होते.

म्हणून हरकत घेताना ‘प्रकल्प नको’ एवढेच लिहू नये. गट क्रमांक, सध्याचा वापर, कसणाऱ्यांचे पुरावे, गावातील जनावरांची संख्या आणि पर्यायी जागा कोणती, हे सर्व जोडावे. प्रकल्प झाल्यास ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. हा निधी चराईची जागा गमावलेल्यांसाठी वापरण्याचा ठराव आधीच करून ठेवावा, नाहीतर तो पेव्हर ब्लॉकमध्ये जातो.

१४. सौर किंवा पवन प्रकल्पाला विरोध करणारे लोक पर्यावरणविरोधी असतात का?

बहुतेकदा विरोध विजेला नसतो, जमिनीच्या व्यवहाराला असतो. धुळे जिल्ह्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन आधी औष्णिक आणि नंतर सौर ठरलेल्या प्रकल्पासाठी संपादित झाली होती. मोबदल्यातील तफावतीबाबत दाद मिळेना, म्हणून त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. प्रकल्प कोळशाऐवजी सौर झाल्याने त्यांच्या तक्रारीत काहीच बदलले नव्हते.

दुसरी बाजू गुंडगिरीची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हा प्रकार घडल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. जेथे अल्पावधीत जमीन, ठेके आणि रोख पैसा येतो, तेथे स्थानिक सत्तेची साखळी हात पुढे करतेच. मग तो पैसा वाळूचा असो की वाऱ्याचा.

१५. सौरऊर्जा एवढी वाढली, तर कोळशाचे प्रकल्प बंद का होत नाहीत?

बातम्यांमध्ये दोन वेगळे आकडे एकमेकांत मिसळले जातात. भारताच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा २०२५ च्या मध्यावर निम्म्यावर पोहोचला. पॅरिस कराराखाली २०३० साठी दिलेले हे वचन पाच वर्षे आधी पूर्ण झाले. परंतु क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे. सौर पॅनेल रात्री बंद असते आणि कोळशाचा संच चोवीस तास चालू शकतो, म्हणून प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सुमारे सात दशांश आहे.

महाराष्ट्रात २,९२० मेगावॉटचे चंद्रपूर केंद्र, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस ही केंद्रे राज्याचा कणा आहेत. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावाला नागपूरकरांनी मे २०२३ मधील जनसुनावणीच्या वेळी विरोध केला. राख आणि धूर विदर्भाने सोसायचे आणि वीज पश्चिमेकडे जायची, ही तेथील जुनी तक्रार आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही. शिवाय महावितरणने २०२४ मध्ये एकाच निविदेत ५,००० मेगावॉट सौर आणि १,६०० मेगावॉट औष्णिक वीज मागवली. ते कंत्राट अदानी समूहाला युनिटला ४ रुपये ८ पैसे दराने मिळाले. दर कमी असल्याचे सरकार म्हणाले, तर दोन भिन्न प्रकारची वीज एकत्र बांधल्याने स्पर्धा आकसली असा विरोधकांचा आक्षेप होता. सौरऊर्जेच्या मोठ्या करारातही नवा कोळसा असतो, हे यातून दिसते.

१६. मग रात्रीच्या विजेवर उपाय काय?

बॅटरी आणि उदंचन जलविद्युत असे दोन उपाय आहेत. उदंचनात दुपारच्या स्वस्त विजेने खालच्या धरणातले पाणी वरच्या धरणात चढवतात आणि संध्याकाळी ते सोडून वीज निर्माण करतात. सह्याद्रीचे उभे कडे यासाठी सोयीचे आहेत. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प असे काम आधीपासून करतो. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने यासाठी धोरण आणले आणि त्यानंतर अनेक कंपन्यांशी करार झाले. यांतील कित्येक जागा पश्चिम घाटातील जंगलांत किंवा आदिवासी वस्त्यांलगत आहेत, त्यामुळे प्रश्न १३ मधला वाद तेथे आणखी मोठ्या प्रमाणावर उभा राहील.

१७. सौर वीज स्वस्त आहे, तर माझे बिल कमी का होत नाही? आणि नव्या मीटरचा याच्याशी काय संबंध?

बिलात विजेच्या किमतीखेरीज वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क आणि इतर गटांना दिलेल्या सवलतीचा भार असतो. राज्यातील उद्योगांचे दर वर्षानुवर्षे चढे राहिले ते शेतीच्या सवलतीचा काही भाग त्यांच्याकडून वसूल होतो म्हणून. हे उद्योग स्वतःचे सौर प्रकल्प उभारून महावितरणपासून दूर गेले, तर तो भार उरलेल्या ग्राहकांवर येतो. छतावरच्या सौरऊर्जेविषयी वितरण कंपन्या नाखूश का असतात, त्याचे उत्तर येथेच आहे. तिच्यामुळे त्यांचा सर्वांत चांगला पैसे देणारा ग्राहक हातून जातो.

सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या सौर तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, अशी वेळेनुसार दररचना यासाठीच आली आहे. ती लागू करायला वेळ नोंदवणारा मीटर लागतो. प्रीपेड स्मार्ट मीटर सामान्य ग्राहकांकडे बसवणार नाही, असे तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. नंतर ‘टीओडी’ (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर) नावाने मीटर येऊ लागल्यावर ग्राहकांचा संशय बळावला, तो साहजिक होता. दुपारी धुण्याचे यंत्र आणि पाण्याची मोटार चालवणाऱ्या घराला या मीटरचा फायदा होतो. दिवसभर कामावर असलेल्या कुटुंबाला तो फारसा होत नाही. चुकीच्या बिलाची तक्रार आधी महावितरणच्या कक्षाकडे, तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि शेवटी विद्युत लोकपालाकडे करता येते. दरवाढीच्या याचिकेवर आयोगाच्या सुनावणीत कोणालाही लेखी हरकत मांडता येते.

१८. शेजारी टॉवर उभा राहिला आणि माझ्या पॅनेलवर सावली पडली, तर भरपाई मिळते का?

सामान्यतः मिळत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात इमारतीला वीस वर्षे अखंड मिळत आलेल्या उजेडाचे संरक्षण आहे, पण ते मुख्यतः खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या संदर्भात लागू होते. काल-परवा बसवलेल्या पॅनेलला त्याचा आधार घेणे कठीण आहे. पुणे, ठाणे, मुंबई येथे पुनर्विकासाचा वेग पाहता, दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भूखंडांवर मंजूर आराखडे काय आहेत, याची चौकशी महापालिकेच्या बांधकाम विभागात आधीच करावी. स्वतःच्याच सोसायटीचा पुनर्विकास पाच-सात वर्षांत होण्याची शक्यता असेल, तर सांगाडा नटबोल्टने जोडलेला आणि सोडवून दुसरीकडे नेता येईल असा घ्यावा, आणि विकासकाशी होणाऱ्या करारात पॅनेल उतरवणे, साठवणे व नव्या गच्चीवर पुन्हा बसवून नेट मीटरची जोडणी करून देणे हा खर्च विकासकाचा राहील, असे कलम घालून घ्यावे.